पाखरे दाखवणारी बाई

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा पापड-लोणच्यांचा हिशेब असावा. दरवर्षी मी तोच सांगते. यंदा मी म्हटले, मला एका सहलीविषयी बोलायचे आहे. "कुठली सहल? पंढरपूर की तुळजापूर?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "पाखरे पाहायची सहल." त्या हसल्या. "अहो, पाखरे काय पालमला नाहीत? ती पाहायला पैसे मोजून जायचे?" हाच प्रश्न गेल्या वर्षी मीही विचारला होता, आणि जरा रागाने विचारला होता. तेव्हा आधी ती गोष्ट सांगते. ती माझ्या मोठेपणाची नाही, हे अगोदरच सांगून ठेवते.

आमच्या धाकट्या दिरांची मुलगी प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झाली. मला ती मोठी आई म्हणते. शिक्षण झाले, आता एखाद्या शाळेत लागेल असे आम्ही धरून चाललो होतो. तिने मात्र घरात जाहीर केले की, मला पक्षी दाखवण्याचे काम शिकायचे आहे. रानात पाहुण्यांना घेऊन फिरायचे, पक्षी ओळखून दाखवायचे आणि त्याचा मोबदला घ्यायचा. घरात एकदम शांतता झाली. दिरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. जाऊबाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हटले, "पहाटे अंधारात परक्या माणसांना घेऊन रानात जायचे, हा काय मुलीच्या जातीला शोभणारा धंदा आहे?"

त्याच सुमारास तिला एक स्थळ सांगून आले. पाहुणे बसले होते, पोहे झाले, आणि मुलाच्या मावशींनी विचारले, "मुलगी सध्या काय करते?" कोणी बोलायच्या आत मी सांगून टाकले, "शिक्षिका होण्याचा अभ्यास करते आहे." भगिनींनो, हे धडधडीत खोटे होते. मुलगी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने ते ऐकले. पाहुणे गेल्यावर ती रडली नाही, भांडलीही नाही. एवढेच म्हणाली, "मोठी आई, एकदा माझ्याबरोबर चल. ते काम काय असते ते पाहा. मग जे सांगायचे ते लोकांना सांग."

म्हणून मी गेले. गंगाखेडला गाडीत बसलो, लातूर, पंढरपूर करीत कोल्हापूरला उतरलो आणि तिथून एसटीने आजऱ्यावरून सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आंबोलीला पोचलो. पंढरपूर स्टेशनात मी गाडीतूनच हात जोडले आणि पांडुरंगाला म्हटले, या पोरीला सुबुद्धी दे. सुबुद्धीची गरज कोणाला होती ते पुढे कळले.

आपल्या परभणी जिल्ह्यात वर्षाला साधारण आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि एखाद्या वर्षी तर तेवढाही पडत नाही. आंबोलीला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे आपल्या आठपट. त्यामुळे तिथले रान आपल्या बाभळी-लिंबाच्या माळासारखे नाही. झाडावर झाड, त्याच्यावर वेल, वेलीवर शेवाळ. कित्येक ठिकाणी भर दुपारी संधिप्रकाश वाटतो. उन्हाळ्यातही पाने गळून रान ओके होत नाही, म्हणून त्याला सदाहरित म्हणतात. असे रान कोकणाच्या माथ्यावरून गोवा, कारवार करीत केरळपर्यंत गेले आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांतली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार ठिकाणे आपल्या महाराष्ट्रातली आहेत. या घाटात अशी पाखरे आहेत की जी जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. म्हणून परदेशातले लोकसुद्धा गोव्यात आणि केरळात हिवाळ्यात दुर्बिणी गळ्यात अडकवून येतात, आणि स्थानिक माणसाला बरोबर घेऊनच रानात शिरतात.

आम्हांला पाखरे दाखवायला जी आली ती एक बाईच होती. चाळिशीची असेल. पायात बूट, डोक्याला रुमाल, गळ्यात दुर्बीण. तिने प्रथम मला आपादमस्तक न्याहाळले. मी चांगली शेंदरी काठाची पिवळी साडी नेसून गेले होते, सहल म्हणून! ती हसून म्हणाली, "काकी, तुमका बघून पाखरां पळतली." तिने आपली करडी शाल माझ्या अंगावर घातली. मग माझ्या हातातल्या बांगड्यांवर एक रुमाल गुंडाळून बांधला, वाजू नयेत म्हणून. अत्तर नको, मोठ्याने बोलणे नको, मोबाइलची घंटी बंद. शेवटी तिने सांगितले की, मी पाखराच्या आवाजाची ध्वनिफीत लावून त्याला बोलावणार नाही. का, तर विणीच्या दिवसांत तो आवाज ऐकून नराला वाटते की हद्दीत दुसरा शिरला. मग तो पिलांना टाकून भांडायला धावतो. "आपण बघून जातलो, तेचो संसार मोडाक नको," ती म्हणाली. मला ते बोलणे ओळखीचे वाटले. आपणही दुसऱ्याच्या घरी गेलो म्हणजे असेच जपून वागतो.

आपल्या माळावर पाखरू लांबूनच दिसते. तारेवर बसलेला कोतवाल रस्त्यावरून दिसतो. रानात तसे नाही. तिथे पाखरू आधी ऐकायचे असते. ती बाई चार पावले चालायची, थांबायची आणि मान कलती करून ऐकायची. पहिला अर्धा तास मला एकही पाखरू दिसले नाही. मनात म्हटले, फसलो. इतक्यात एकदम चहूबाजूंनी चिवचिवाट सुरू झाला. झाडावर सुतार, फांद्यांवर माशिमार, पानांत इवलाले वटवटे, आणि या सर्वांच्या वर लांब शेपटीचा भृंगराज. ही निरनिराळ्या जातींची पाखरे मेळा करून हिंडतात असे तिने सांगितले. एकाने साल उकरली की उडालेले किडे दुसऱ्याच्या तोंडी लागतात. भृंगराज राखण करतो, शिकारी पक्षी दिसला की ओरडून सावध करतो. आपले मंडळ तरी दुसरे काय आहे? पाच मिनिटांत मेळा पुढे गेला आणि रान पुन्हा गप्प झाले.

मग तिने हात वर करून आम्हांला थांबवले. "काकी, हलू नकात. थंय वर बघा." मी पाहिले तर वाळकी पाने. पुन्हा पाहिले, तरी पानेच. दुर्बीण लावल्यावर त्या पानांना डोळे फुटले! बेडकासारख्या रुंद तोंडाची दोन पाखरे, नर आणि मादी, एकमेकांना खेटून फांदीवर डुलक्या घेत होती. ही जात रात्री किडे धरते आणि दिवसा पाचोळ्यासारखी निश्चल बसते. हे जोडपे एकच अंडे घालते, आणि दिवसा त्या अंड्यावर नर बसतो. हे ऐकून मी पुतणीकडे पाहिले आणि आम्ही दोघी तोंडाला पदर-ओढणी लावून हसलो. आमच्या घरात दिवसा पाळणा हलवणारा पुरुष मी अजून पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दोडामार्गाकडच्या रानात गेलो. तिथले तिलारीचे जंगल २०२० साली संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले. तिथे मला कर्णा पक्षी दिसला. काळे डोके, तांबडीलाल छाती, मध्ये पांढरा पट्टा. कुंकवाचा करंडा उघडून ठेवावा तसा तो झाडीत बसला होता. पण मला जन्मभर आठवेल तो धनेश.

धनेशाची चोच केवढी तर कोयत्याएवढी, आणि तो उडाला म्हणजे पंखांचा आवाज लांबवर येतो. फेब्रुवारीच्या सुमारास त्याची मादी एखाद्या जुन्या थोर झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठेने व मातीने ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी ठेवते. आत बसून ती पिसे झाडते, अंडी उबवते. तीन-चार महिने तिची आणि पिलांची सारी भिस्त नरावर. तो दिवसातून कितीदा तरी वड-उंबरांची फळे घशात भरून आणतो आणि एकेक फळ काढून फटीतून तिच्या चोचीत देतो. कोणी त्या नराला मारले तर आतली मादी आणि पिले उपाशी राहतात. एका गोळीत सारे घर जाते.

आम्ही ढोलीजवळ गेलो नाही. बाईने जाऊ दिले नाही. लांब झुडपामागे बसून आम्ही नर येताना पाहिला. त्याने एक फळ दिले, दुसरे दिले, मी मोजत होते, चौदापर्यंत मोजली. मग मला पुढचे दिसेना, कारण डोळे भरून आले होते. माझ्या पहिल्या बाळंतपणात आत्याबाई मला खोलीच्या दारातून शेपूची भाजी आणि भाकरी देत, त्यांची आठवण झाली. आत्याबाई जाऊन आता बावीस वर्षे झाली.

बाईने त्यानंतर सांगितले ते मी आपणां सर्वांसाठी लक्षात ठेवले आहे. धनेश जी फळे खातो त्यांच्या बिया तो लांबलांब टाकतो, आणि त्यांतूनच रानात नवी झाडे उगवतात. पण धनेशाला ढोलीसाठी लागते ते शंभर वर्षांचे झाड. ते तोडले तर धनेश गेला, आणि धनेश गेला तर पुढचे रान खुंटले. "पयली आमच्या घरात लाकडां तोडून चूल पेटायची," ती म्हणाली. "आता तेच झाड उभा रवला तर माझ्या झिलाची फी भरता." पाहुणे पाखरू पाहायला येतात. त्यांना ती रान दाखवते, शेजारीण जेवण करून घालते, तिसरीच्या घरी ते उतरतात, चौथीचा मुलगा गाडी हाकतो. एका झाडावर चार घरे चालतात.

हे एकट्या तिच्याच बाबतीत घडले असे नाही. त्याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याजवळ मांडवीची खाडी आहे. तिथे मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बायकांनी 'स्वामिनी' नावाचा बचत गट काढून २०१७ साली कांदळवनाची सफर सुरू केली. कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडी. बायका स्वतः होडी वल्हवतात आणि पाहुण्यांना त्या झाडीची व खंड्या-बगळ्यांची माहिती देतात. आपणही बचत गट चालवतो. आपण पापड केले, त्यांनी खाडी दाखवली.

लांबच्या देशाचेही एक उदाहरण देते. दक्षिण अमेरिकेत इक्वेडोर म्हणून एक लहान देश आहे. तो आपल्या महाराष्ट्राहून लहान, पण तिथे सोळाशेच्या आसपास जातींचे पक्षी आहेत. साऱ्या भारतात तेराशेच्या वर आहेत, यावरून कल्पना करा. तिथे आन्हेल पास नावाचा एक शेतकरी रान तोडून शेती वाढवीत होता. त्याच्या रानात एका दुर्मीळ पक्ष्याचे नर नाचायला जमतात हे कळल्यावर लोक पाहायला येऊ लागले. पुढे जमिनीवर लपून फिरणाऱ्या एका लाजाळू पाखराला त्याने गांडुळे टाकून माणसाळवले, त्याचे नाव ठेवले मारिया. "मारिया, मारिया" अशी हाक मारली की ते झुडपातून बाहेर येई. दुनियेतले पक्षिवेडे ती हाक ऐकायला त्याच्या शेतावर गेले, आणि त्याने उरलेले रान राखले. शेजारच्या खंडात कोस्टा रिका देश आहे, महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाएवढा. एकेकाळी तिथले बहुतेक जंगल तुटले होते. आता निम्म्याहून अधिक देश पुन्हा जंगलाखाली आहे, आणि पाखरे पाहायला येणाऱ्या पाहुण्यांचा त्यात मोठा वाटा आहे.

भगिनींनो, यात सगळेच गोड आहे असे मात्र मी म्हणणार नाही. कोकणात पावसाळ्यात तिबोटी खंड्या नावाचे मुठीएवढे रंगीत पाखरू ओढ्याच्या काठी बीळ करून अंडी घालते. त्याचा फोटो मिळावा म्हणून माणसे बिळासमोर गर्दी करून बसतात, आणि चोचीत पाल धरून आलेल्या आईबापांना आत शिरता येत नाही. दुसरे असे की, हा धंदा हंगामी आहे. २०२० साली महामारीत प्रवास बंद झाले तेव्हा पाखरे दाखवणाऱ्यांच्या घरी पैसा यायचा थांबला. आमच्या त्या बाईने त्या दिवसांत कुळीथ विकून घर चालवले. म्हणून शेती सोडून याच्या मागे लागा असे कोणी समजू नये. जोडधंदा म्हणून पाहावे, आणि नियम पाळून करावे.

आता माझ्या फजितीची गोष्ट. शेवटच्या संध्याकाळी चहा पिताना बाईने विचारले, "काकी, तुमच्या गावाक कोणती पाखरां आसत?" मी म्हटले, "आसतात की! चिमणी, कावळा, मोर..." आणि पुढे काही आठवेना. साठ वर्षे पालममध्ये काढली आणि तीन नावे! माझी पुतणी मात्र सुरू झाली. नांगरटीत उघड्यावर अंडी घालणारी टिटवी. बाभळीला घरटी टांगणारी सुगरण. पेरते व्हा म्हणून ओरडणारा पावशा. पावसाबरोबर येणारा चातक, जो आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकून मोकळा होतो. हळद्या, भारद्वाज, तितर, वेडा राघू. आणि हिरव्या-पिवळ्या रंगाचा हरियाल, जो आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. ती बाई कान देऊन ऐकत होती. मग मला म्हणाली, "काकी, ह्या चेडवाक शिकवूची गरज नाय. हेका फक्त सोडा."

"फक्त सोडा." परतीच्या गाडीत मला झोप आली नाही.

आपल्या तालुक्यात गोदावरीच्या पात्रात जांभूळबेट आहे. भोवती पाणी, आत जांभळीची झाडे आणि मोर. आपण तिथे डबे घेऊन गेलो आहोत, गाणी लावली आहेत, द्रोण-पत्रावळी टाकून आलो आहोत. पुरात त्याचा काठ खचतो हे पाहून हळहळलो आहोत आणि घरी येऊन विसरलो आहोत. तिथे सदाहरित रान नाही, धनेशाची ढोली नाही. पण जे आहे ते आपले आहे, आणि ते आपणच पाहिलेले नाही. याच गोदावरीवर वर नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वर आहे. पाणपक्ष्यांसाठी त्याचे नाव झाले आणि महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून ते नोंदले गेले. तिथे गावातली मुलेच पाहुण्यांना पक्षी दाखवतात. नदी तीच आहे.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सालिम अलींचा. चितमपल्लींनी जन्म रानात घालवून पाखरांची मराठी नावे गोळा केली. २०२५ साली ते गेले. माझी सूचना अशी की, यंदा त्या आठवड्यात मंडळाने एक सकाळ जांभूळबेटाला द्यावी. पंधरा-वीस जणी पुरेत. गाणी नकोत, प्लॅस्टिक नको, साड्या मातकट रंगाच्या, बांगड्यांना रुमाल. दाखवायला माझी पुतणी येईल. आणि भगिनींनो, तिला फुकट राबवायचे नाही. मंडळाने तिचे मानधन ठरवून द्यावे, लहान का होईना. पापडाचे पैसे आपण घेतो तसेच हे.

राहता राहिले ते स्थळ. कोकणातून आल्यावर मी त्या मावशींना फोन केला आणि सांगितले की, मी त्या दिवशी खोटे बोलले. मुलगी शिक्षिका होणार नाही, रानात पाखरे दाखवणार आहे, आणि ते काम चांगले आहे, मी डोळ्यांनी पाहून आले आहे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "घरी विचारून कळवतो." अजून त्यांचे काही कळलेले नाही. कळवतील तेव्हा कळवतील. पोरगी तोवर रोज पहाटे वही-दुर्बीण घेऊन नदीकडे जाते, आणि आताशा तिच्या पाठोपाठ मीही जाते. परवापर्यंत माझ्या वहीत एकतीस नावे झाली.